निवड सर्वस्वी आपली

३ मार्च

धाकट्या,

आशीर्वाद शेवटी उरले तर देईन. आधी मला भांडायचं आहे. तुझ्याशी नाही, तेव्हा लगेच पत्र फाडू नकोस. सहा वर्षांत तू माझा एकही फोन उचलला नाहीस, म्हणून कागदावर गाठते आहे.

तुझी भाची घर घेते आहे. जिला तू मिरची म्हणायचास, ती आता पाच महिन्यांच्या मुलीची आई आहे आणि भाड्याच्या दोन खोल्यांत खुर्च्यांच्या पाठींवर दुपटी वाळत घालते आहे. तेव्हा घर हवंच, यात वाद नाही. पाहिलेलं घर दिसायला बरं आहे. खाली दोन खोल्या, वर दोन, उतरतं छप्पर, त्याखाली माळा. जिना संपतो तिथे एक लहान खोली आहे, सकाळी ऊन येतं. ती बाळाची, असं लेकीने पहिल्याच दिवशी जाहीर करून टाकलं. भिंतीला कुठला रंग द्यायचा तेही ठरलं आहे. वीस तारखेला सह्या.

घर विकतोय तो गोडबोल्या. आमच्या ह्यांनी घरं विकायच्या धंद्यातून अंग काढून घेतलं तेव्हा ज्याने त्यांचं ऑफिस टेबलखुर्च्यांसकट चालवायला घेतलं तोच. लेकीने त्याला विचारलं, सह्या करण्याआधी घर तपासून घ्यायचंय, कोणाला बोलावू? त्याने खणातून एक कागद काढला. त्यावर तीन तपासनिसांची नावं. "यातला कोणीही निवडा हो, आमची काही जबरदस्ती नाही."

तीन नावं! पहिला तपासनीस या ऑफिसने पाठवलेल्या गिऱ्हाइकांवरच जगतो. दुसरा त्याचा मेव्हणा, दोघांत मिळून एक शिडी. तिसरा दोन वर्षांपूर्वी वारला. घ्या, निवडा!

लेकीने पहिला निवडला. मी तपासणीच्या वेळी मुद्दाम जाऊन उभी राहिले. पस्तीस मिनिटं, धाकट्या. मी घड्याळ लावून मोजली. हातात टॉर्च, तो भरदिवसा खिडकीपाशी पेटवायचा आणि "छान, छान" म्हणायचा. नळ सोडून पाहिले, दारं उघडून लावून पाहिली. बाकी वेळ गोडबोल्याबरोबर नव्या बुटांच्या गप्पा. मी विचारलं, माळा? तर म्हणे, शिडी आखूड आहे, मावशी, आणि माळ्यावर असतं काय, जळमटं. बॉयलर जिन्याखालच्या कपाटात आहे. गॅसवर चालतो. त्याचं दार उघडलं, आत टॉर्च मारला, दार लावलं.

दुसऱ्या दिवशी अहवाल आला. अकरा पानं! त्यात "कालांतराने लक्ष द्यावे" हे चार वेळा. तुला सांगायला नको, या तीन शब्दांचा अर्थ काय होतो.

मी लेकीला म्हटलं, हा माणूस विकणाऱ्याचा आहे, दुसरा आण. तर माझ्यावरच डाफरली. "आई, बाबा पंचवीस वर्षं हेच करत होते. तेव्हा तू एकदा तरी तोंड उघडलंस का? आता मला घर मिळतंय तर तुला सगळं दिसायला लागलं." शेवटी म्हणाली, "मामाने येऊन पाहिलं आणि नको म्हणाला, तर ऐकेन. बाकी कोणाचं नाही."

तेव्हा ये. माझ्यासाठी येऊ नकोस, तिच्यासाठी ये. तुझी ती दोन घड्यांची शिडी घेऊन ये. माझ्या घरी पायही ठेवू नकोस, परस्पर ये आणि परस्पर जा.

ताई


७ मार्च

धाकट्या,

सहा वर्षांनी बहिणीने पत्र लिहिलं आणि तुझं उत्तर एका ओळीचं! "ती यादी कोणाच्या अक्षरात आहे, ताई?"

वा! काय पण वेळ साधलीस. भाचीच्या डोक्यावरचं छप्पर तपासायचंय आणि तू मला तपासतोस.

माझ्या. माझ्या अक्षरात आहे. झालं समाधान?

शाळेच्या ऑफिसात तीस वर्षं मी दाखले लिहिले. अख्ख्या गावाची पोरं माझं अक्षर खिशात घालून कॉलेजात गेली. तेव्हा हे म्हणाले, तुझं अक्षर सुबक आहे, लोकांना विश्वास वाटतो, जरा एवढी यादी लिहून दे. मी लिहून दिली. वर "घर तपासनीस", खाली तीन नावं, आणि त्याखाली एक वाक्य: "ही नावे केवळ आपल्या सोयीसाठी. निवड सर्वस्वी आपली." ते वाक्यही माझं. ह्यांना इतकं आवडलं की ते चार दिवस येणाऱ्याजाणाऱ्याला वाचून दाखवत होते. त्या कागदाच्या प्रती काढल्या, प्रतींच्या प्रती काढल्या. इतक्या, की परवा लेकीने कागद पुढे केला तेव्हा कडेची अक्षरं पुसट झालेली होती. पण मी माझं अक्षर ओळखणार नाही होय? तिने नाही ओळखलं. मी सांगितलं नाही.

आता तू विचारणारच, म्हणून सांगते. त्या यादीत आधी तिसरं नाव तुझं होतं. कोपऱ्यावरच्या घराचं प्रकरण झालं आणि मी यादी नव्याने लिहिली. ह्यांनी सांगितलं नव्हतं. मीच लिहिली. मला राग आला होता.

यायलाच हवा होता! तुला कामं कोणी दिली? ह्यांनी. स्वतःच्या लग्नात उभा राहायला तुझ्याकडे धड सदरा नव्हता तेव्हापासून ह्यांनी तुला गिऱ्हाइकं दिली. आणि कोपऱ्यावरच्या घराचा सौदा हातातोंडाशी आला असताना तू लिहिलंस, "वरच्या गॅलरीच्या तुळया सडल्या आहेत. गॅलरी वापरू नये." एवढंच मागितलं होतं रे त्यांनी, की "कालांतराने लक्ष द्यावे" लिही. घर पाडा म्हणत नव्हते, खोटं लिही म्हणत नव्हते, जरा सौम्य लिही म्हणत होते. तू तुझा अहवाल टेबलावर ठेवलास आणि चपला घालून निघून गेलास. मी तुझ्या मागे जिन्यापर्यंत आले आणि काय बोलले ते मला आठवतंय. बहिणीच्या अन्नात माती कालवलीस, असं म्हटलं. त्यावर तू एक अक्षर बोलला नाहीस. एक तरी बोलायचंस!

त्या घराचं पुढे काय झालं ते तुला कोणी कळवलं नसेल. टॉर्चवाल्याने हवं तसं लिहून दिलं आणि सौदा झाला. दुसऱ्या वर्षी दुपारी त्यांच्याकडचे आजोबा गॅलरीत खुर्ची टाकून पेपर वाचत बसले होते. आत फोन वाजला म्हणून उठले. चार पावलं आत आले आणि मागे खुर्चीसकट गॅलरी अंगणात. फोन चुकून लागलेला होता. ह्यांनी मला सांगितलं, "घर जुनंच होतं." मी मान हलवली. आणि वर्षभर त्या रस्त्याने भाजी आणायला गेले नाही, लांबून वळसा घालून जायची.

आता सगळं सांगितलं. आता तरी ये.

ताई


११ मार्च

धाकट्या,

तुझं पत्र आलं. या वेळी सहा ओळी, मोठी कृपा झाली.

"मी येणार नाही. मी तिचा मामा आहे. मी घर चांगलं म्हटलं तर तुला वाटेल भाचीचं मन राखलं, वाईट म्हटलं तर गोडबोल्या म्हणेल भाऊजींवरचा जुना राग काढला. दोन्हींत थोडं खरं असेल. मला स्वतःचीच खात्री देता येत नाही. कोणाचं नावही सुचवणार नाही, मी सुचवलेला तो माझा माणूस होईल. घर विकलं गेलं काय आणि न गेलं काय, ज्याला सारखंच, असा माणूस तू शोध."

मी हे पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अरे, घर जळत असेल तरी तू आधी विचारशील का, की पाणी ओतणारा नात्यातला तर नाही ना? तुझी तत्त्वं तू चुलीत घाल! कोपऱ्यावरच्या घराच्या वेळी तत्त्व, आताही तत्त्व. तेव्हा मी एकटी पडले आणि आताही मीच एकटी. तत्त्वं पाळायची तू, आणि भोगायचं आम्ही.

लेकीला सांगितलं, मामा येत नाही म्हणाला. तिचा चेहरा पडला. मग म्हणाली, "म्हणजे त्यालाही त्यात काही वावगं वाटत नसेल." बघ! तुझ्या तत्त्वाचा असा अर्थ निघाला. आता तिला थांबवणार कोण?

ह्यांना सांगून पाहिलं. गुडघ्यावर शेकायची पिशवी ठेवून टीव्ही बघत होते. म्हणाले, "धंद्यात असंच चालतं. तपासनीस सौदे मोडायला लागला तर त्याला उद्या बोलावणार कोण?" मी म्हटलं, "मग तो तपासतो कशाला? नुसता टॉर्च पाठवून द्या ना पोस्टाने!" त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. लेकीच्या घराचा विषय आहे, रे. सख्ख्या लेकीच्या!

आज रागाच्या भरात नोंदणी कार्यालयात गेले. तिथे परवाना असलेल्या सगळ्या घर तपासनिसांची यादी असते, कोणालाही बघता येते. खिडकीतल्या कारकुनाला विचारलं, यातलं चांगलं कोण? तो म्हणाला, "बाई, मी सांगितलं तर मग माझाही वाटा आहे असं म्हणाल." तोही तुझाच भाऊ शोभला असता. मी यादी शेवटून वाचायला सुरुवात केली आणि गावाबाहेरच्या एका बाईंचा नंबर उतरवून घेतला. ना मी त्यांना ओळखत, ना गोडबोल्या, ना तू.

फोन केला. त्यांचा पहिला प्रश्न, "माझं नाव कोणी दिलं?"

मी म्हटलं, "कोणी नाही."

"बरं झालं. शनिवारी आठ वाजता. माळ्याची किल्ली मागून ठेवा."

तुझ्यावरचा राग अजून तसाच आहे. एवढंच कळवायला लिहिलं.

ताई


१६ मार्च

धाकट्या,

किल्ली मिळवायला मला शुक्रवारचा अख्खा दिवस गोडबोल्याच्या ऑफिसात ठाण मांडून बसावं लागलं. "काकू, तपासणी झाली की! काकू, तुम्ही तर घरच्याच. काकू, थंड घेणार की गरम?" मी म्हटलं, किल्ली घेणार. त्याने माझ्यासमोर ह्यांना फोन लावला. हे काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. संध्याकाळी आलेल्या गिऱ्हाइकासमोर मी मोठ्याने विचारलं, "माळ्यावर असं काय आहे रे, की किल्ली देत नाहीस?" तेव्हा किल्ली टेबलावर आली.

शनिवारी बाई आल्या. पन्नाशीच्या, गुडघ्यांवर ठिगळं लावलेली पँट, आणि बोलणं असं, की एक शब्द जास्त गेला तर दंड पडेल. लेक आणि जावई बाळाला घेऊन आले होते. लेक तोंड फुगवून. गोडबोल्या दारात उभा राहून बाईंना म्हणाला, "आमच्याकडे बरीच कामं असतात, कार्ड देऊन ठेवा तुमचं." बाई म्हणाल्या, "शिडीच्या वाटेतून बाजूला व्हा."

पाच तास, धाकट्या! भिंतीला यंत्र लावून ओल मोजली. न्हाणीघराच्या फरशीवर पालथ्या पडून कान लावला. मग माळ्यावर चढल्या आणि अर्धा तास खाली येईनात. वरून फक्त सरपटल्याचा आवाज. मग हाक आली, "बॉयलर कोणी चालू केलाय?" गोडबोल्यानेच केला होता, गरम पाणी येतं हे दाखवायला. "आधी बंद करा. आणि बाळाला घराबाहेर न्या. आत्ता."

बॉयलरची धुराची नळी भिंतीतून वर माळ्यावर जाते आणि छपरातून बाहेर पडते. पडायला हवी. माळ्यावरचा तिचा सांधा निखळलेला आहे, दोन तुकड्यांत वीतभर अंतर. जळलेला गॅस बाहेर जातच नाही, माळ्यावर साठतो आणि फळ्यांच्या फटींतून खाली उतरतो. बाईंनी सगळं सावकाश समजावलं. त्याला वास नसतो, रंग नसतो, डोळे चुरचुरत नाहीत. झोपलेलं माणूस झोपेतच जातं. आणि तो सांधा कुठे आहे? जिन्याच्या टोकाच्या लहान खोलीच्या बरोबर वर.

तुझी मिरची बाहेर पायरीवर बसली होती, बाळाला दोन्ही हातांनी छातीशी धरून. जावई तिला काहीतरी विचारत होता, तिला ऐकू येत नव्हतं. मी शेजारी जाऊन बसले. ती म्हणाली, "आई, पाळणा तिथेच ठेवणार होतो. खिडकीपाशी."

मग मी तिला यादीचं सांगितलं. अक्षर माझं, वाक्य माझं, मामाचं नाव खोडणारी मी. तिने बाळ माझ्या मांडीवर दिलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. माझ्याशी भांडली असती तर बरं वाटलं असतं.

सौदा मोडला. बाईंच्या अहवालात पहिल्याच पानावर आहे, "बॉयलर वापरू नये. जिवाला धोका." कालांतराने वगैरे काही नाही.

घरी येऊन मी टीव्हीचा खटका बंद केला आणि ह्यांच्यासमोर उभी राहिले. सगळं सांगितलं. ह्यांनी एवढंच विचारलं, "कुठल्या खोलीवर?" मी सांगितलं. ते उठले, गुडघा दुखत होता तरी उठले, आणि आतल्या खोलीत जाऊन बसले. त्यांना माफ केलं असं समजू नकोस. मी स्वतःलाही केलेलं नाही.

तू आला नाहीस हे बरोबर केलंस, असं मी मुळीच लिहिणार नाही. पण तू आला असतास तर तुझ्या प्रत्येक शब्दावर त्या गोडबोल्याने बोट ठेवलं असतं. बाईंच्या एकाही शब्दावर त्याला ठेवता आलं नाही. हे मला दिसलं, म्हणून लिहिलं.

ताई


२९ मार्च

धाकट्या,

संतापाने लिहिते आहे, अक्षराकडे बघू नकोस.

त्याच घराला नवीन गिऱ्हाईक आलं. गोडबोल्याच्या ऑफिसात काम करणाऱ्या एका मुलीने लेकीला कळवलं. आणि त्यांना त्याने काय दिलं असेल? यादी! तीच! टॉर्चवाल्याचा तो अकरा पानी अहवालही दाखवला, बाईंच्या अहवालाचं नावसुद्धा काढलं नाही. मी फोन केला तर म्हणतो, "काकू, तुमचा व्यवहार संपला. नळी बसवून घेऊ हो, कालांतराने." कालांतराने! माझ्या तोंडावर म्हणाला!

ह्यांना म्हटलं, तुमच्या शब्दाला तिथे अजून मान आहे, फोन करा. ह्यांनी केला. माझ्यासमोर केला, पहिल्यांदा चढ्या आवाजात बोलले. पलीकडून तो काय बोलला कोण जाणे, ह्यांनी फोन ठेवला. मग म्हणाले, "मीच शिकवलंय त्याला." त्यांना हे कळायला पंचवीस अधिक सहा वर्षं लागली. मला तरी कुठे आधी कळलं म्हणा.

आज, रविवारी, ते लोक घर बघायला येणार होते. मी बाईंच्या अहवालाची प्रत पाकिटात घातली आणि फाटकाशी जाऊन उभी राहिले. ऊन होतं, हातात छत्री, वय सत्तरीकडे झुकलेलं. रस्त्याने जाणारे वळून बघत होते. गाडीतून चौघं उतरली: नवरा, बायको, तिची आई आणि सहासात वर्षांची मुलगी. गोडबोल्या मला बघून पांढरा पडला, पण लगेच सावरला. "या काकू आमच्या ओळखीच्या आहेत. हल्ली जरा डोक्याने…"

मी त्याला बाजूला सारलं. पाकीट पुढे केलं आणि सांगितलं, यात काय लिहिलंय, ते कोणी तपासलं, आणि तुमच्या हातात जी यादी आहे ती कोणी लिहिली. माझा नवरा याच्याच खुर्चीत बसायचा तेही सांगितलं. सहा वर्षं जे स्वतःशी बोलले नव्हते ते अनोळखी माणसांना रस्त्यावर उभं राहून सांगितलं.

नवरा पाकिटाला हात लावेना. बायको माझ्याकडे रोखून बघत होती. हुशार आहे. म्हणाली, "आजी, सगळं खरं असेल. पण उन्हात इथे येऊन तुम्ही हे आम्हाला सांगताय, त्यात तुमचा काय फायदा?"

कोणीतरी शेवटी योग्य प्रश्न विचारला, धाकट्या. गोडबोल्याला नाही, मला विचारला. काही नाही, असं म्हणणार होते. माणुसकी म्हणून, असं म्हणणार होते. पण ते खोटं झालं असतं, आणि खोटं मी सुबक अक्षरात पुष्कळ लिहिलंय.

मी म्हटलं, "आहे ना फायदा. माझा भाऊ तुमच्यासारख्यांसाठी खरं लिहून माझ्या घरातून उठून गेला, आणि मी त्याला घालवलं. मला त्याच्या दारात जायचंय. असंच रिकाम्या हाताने जायची लाज वाटते."

तिने पाकीट घेतलं. तिथेच उभं राहून पहिलं पान वाचलं. मग मुलीला गाडीत बसायला सांगितलं आणि गोडबोल्याकडे वळून म्हणाली, "आधी माळा दाखवा."

त्यापुढचं तिथे थांबून बघितलं नाही. बस पकडली. दोन बस बदलल्या. हे पत्र तुझ्या घरासमोरच्या बाकावर बसून लिहिते आहे, पोस्टात टाकणार नाही. तुझ्या दाराखालच्या फटीतून आत सरकवते आणि तिथेच थांबते. माझे पाय दुखताहेत आणि मला तहान लागली आहे. दार उघड.

ताई